आदी उपस्थित होते

यंदाही वैशाखात भोंग्याची चाचणी झाली. सकाळची वेळ होती. लातूरच्या गंजगोलाईत भाजीवाल्या बायकांनी वर पाहिलं. आकाशात नेहमीप्रमाणे काही नव्हतं. त्यांनी कोथिंबिरीवर पुन्हा पाणी मारलं. एका रिक्षावाल्यानं दुसऱ्याला विचारलं, "पुन्हा लागलं का काय?" दुसरा म्हणाला, "न्हाई, तपासायलेत." भोंगा थांबला आणि चौकातले आवाज आपापल्या जागी परत आले.

हा भोंगा युद्धाच्या उन्हाळ्यात बसवलेला. युद्ध थोडक्यात आटोपलं, भोंगा राहिला. तो वाजला की हात खिशातल्या फोनकडे जातो. त्या सकाळी चौकात अनेकांचे हात तसे गेलेले दिसले. फोन काढायचा, बातम्या बघायच्या, आणि मग आपण स्वतः काही लिहून तर ठेवलेलं नाही ना, हेही बघायचं. तो उन्हाळा लोकांच्या बोलण्यात फारसा येत नाही. हाताच्या सवयीत मात्र राहिला आहे.

मराठवाड्यातली माणसं वर्षं पाण्यावरून लक्षात ठेवतात. अमक्या साली टँकर होते, तमक्या साली मांजरा दुथडी भरली होती. त्या उन्हाळ्याला अशी पाण्याची खूण नाही. ऊन दरवर्षीएवढंच होतं. कडुलिंबाचा मोहर गळून रस्त्याच्या कडेला पिवळट भुकटी साचली होती. दालमिलवरून येणाऱ्या वाऱ्याला भरडलेल्या तुरीचा वास होता. वैद्यकीयची प्रवेश परीक्षा संपल्यामुळे शिकवणीची पोरं गावोगाव निघाली होती. टेंपोवर गाद्या बांधलेल्या, गाद्यांवर पोरं बसलेली. आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात कूलरचं गवत बदललं होतं आणि ओल्या गवताचा तो पहिल्या आठवड्यातला वास टेबलांवर पसरला होता. बातम्यांच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाला ऋतू असाच कळतो, कूलरवरून आणि लग्नाच्या जाहिरातींवरून.

त्या उन्हाळ्यात यात टीव्हीचा आवाज मिसळला. चहाच्या हॉटेलात, केशकर्तनालयात, कृषी सेवा केंद्रात, सगळीकडे एकच आवाज, चढलेला. सीमा इथून इतकी दूर की आमच्याकडच्या बहुतेकांनी ती नकाशातच पाहिलेली. तरी एका संध्याकाळी दिवे घालवण्याचा सराव झाला. रेणापुरात एका किराणा दुकानदारानं बल्बला तुरीच्या डाळीचं रिकामं पोतं गुंडाळलं. आमचा रेणापूरचा वार्ताहर बालाजी फोनवर म्हणाला, "साहेब, बाँब टाकायला येनाऱ्याला आधी रेनापूर कुठं हाय ते लातुरात उतरून विचारावं लागंल." टेबलावर सगळे हसले. मग कुणीतरी उठून दार लोटून घेतलं. हसणं बाहेर जायला नको, असं कुणी म्हणालं नाही. पण दार लोटलं गेलं.

अस्वस्थता तेव्हा अशी असायची. तिला एक ठिकाण नव्हतं. हॉटेलात बसलेली माणसं बोलता बोलता वाक्याचा शेवट गिळून टाकत. कुणीतरी फोनवरच्या गटातून बाहेर पडे, कुणी जुने फोटो पुसून टाके. पहाटे रेणापूरच्या रस्त्यावर सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं पळायची. ती त्या दिवसांत अधिक जोरात पळत होती आणि त्यांच्या आया दारात उभ्या राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या. आधी त्या बघत नसत.

किरण त्याच तालुक्यातल्या एका गावचा. नांदेडला खोली घेऊन शिकत होता. त्याची आई अनुसयाबाई दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते. पेरणीआधी रानातली धसकटं, म्हणजे आधीच्या पिकाची जमिनीत राहिलेली बुडखं, वेचावी लागतात. वैशाखात बायकांना तेच काम असतं. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात किरणनं फोनच्या स्टेटसवर तीन वाक्यं टाकली. "पलीकडंही एखादी माय रानात धसकटं वेचत असेल. तिचंही पोरगं जिवंत राहू दे. युद्ध थांबवा."

स्टेटस एका दिवसानं आपोआप जातं. हे गेलं नाही. कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला, त्याभोवती लाल गोल काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो आमच्या कार्यालयातल्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता. दुसऱ्या दिवशी किरण खोलीवर नव्हता. माणसं आली आणि घेऊन गेली, एवढंच घरमालक सांगू शकला. कुठली माणसं, कुठं नेलं, हे त्याला सांगता आलं नाही किंवा सांगायचं नव्हतं. गुन्हा नोंदवल्याचं नंतर कळलं. पोरगं कुठं आहे, हे कळायला त्याहून जास्त वेळ लागला.

कुसुमताई या गोष्टीत इथं येतात. वय सत्तरीच्या आसपास, वकील, रेणापूरच्याच. नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारी त्यांची एक समिती आहे. समिती म्हणजे पाच-सहा माणसं आणि एक शिक्का. पोलिसांनी उचललेल्या माणसाचा पत्ता विचारणं, कोठडीत मारहाण झाली की डॉक्टरांचा दाखला मागणं, असली कामं ही समिती वर्षानुवर्षं करते. शांततेच्या काळात लोक त्यांना थोडं हसतात आणि अडचण आली की त्यांच्याच दारात जातात. त्या उन्हाळ्यात हसणं बंद झालं होतं. बाजारात एका ओळखीच्या माणसानं त्यांना, तुम्ही नेमक्या कुणीकडच्या, असं विचारलं. ताईंनी त्याच्या टोपलीतली कैरी उचलून वास घेतला आणि रेणापूरकडची, असं सांगून भाव विचारला. हा किस्सा त्यांनीच सांगितला. सांगताना त्या हसल्या, पण कैऱ्या न घेताच परत आल्या होत्या.

किरणबद्दल तहसीलदारांना निवेदन द्यायचं ठरलं.

निवेदनाची बातमी ही जिल्ह्याच्या वृत्तपत्राची रोजची भाकरी आहे. रस्त्यावर खड्डा पडला की निवेदन, विमा मिळाला नाही की निवेदन. फोटोत अधिकाऱ्याच्या हातात कागद असतो आणि त्या कागदाला चहूबाजूंनी इतके हात लागलेले असतात की कागद दिसत नाही. बातमी चार ओळींची असते, नावं दहा ओळींची. शेवटी ठरलेलं वाक्य: "यावेळी अमुक, तमुक आदी उपस्थित होते." ज्याचं नाव राहतं त्याचा सकाळी फोन येतो. म्हणून वार्ताहर कुणाचं नाव राहू देत नाहीत. आलेल्यांची नावं घालतात, येणार होते त्यांची घालतात, आणि दरवेळी येतात म्हणून या वेळीही आले असतील अशांचीही घालतात. माणसं आधीच सांगून ठेवतात, मी लग्नाला चाललोय, माझं नाव टाक. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नाव छापणं हा इथं अहेरासारखा व्यवहार आहे; घरी असलेल्या माणसालाही तो पोचवायचा असतो.

त्यातला "आदी" हा शब्द टेबलावर मी सहसा काढतो. सगळ्यांची नावं देऊन झाल्यावर आदीमागे कुणी उरलेलं नसतं. शब्द रिकामा असतो, जागा अडवतो.

त्या दिवशी रेणापूरच्या तहसीलसमोर चौघं होते. कुसुमताई, एक निवृत्त बस कंडक्टर, एक शिंपी आणि बचतगट चालवणारी एक बाई. अनुसयाबाई पायरीवर बसली होती. कचेरीतल्या एका कारकुनानं ताईंना समजुतीच्या सुरात सांगितलं, की ताई, युद्ध चालू आहे, थोडं थांबा. ताई म्हणाल्या, "युद्ध चालू आहे म्हणूनच आले. एरवी पोरगं कुठं आहे ते मी फोनवर विचारलं असतं." निवेदनात दोन मागण्या होत्या. पोरगं कुठं आहे ते घरच्यांना सांगा. आणि युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांना उचलू नका, कारण युद्धात कायदा रजेवर जात नाही.

बालाजीनं फोटो पाठवला. चारच माणसं असल्यामुळे कागदाला चारच हात लागले होते, आणि निवेदनाच्या फोटोत कागदावरची अक्षरं वाचता येतात हे टेबलावर प्रथमच दिसलं. संपादकांनी ठरवलं, बातमी घ्यायची, फोटो नाही. एका स्तंभाची बातमी उसाच्या रसाच्या जाहिरातीखाली लागली. शेवटी ओळ होती, कुसुमताई, कंडक्टर, बचतगटाची बाई, शिंपी आणि दत्तात्रय सर उपस्थित होते.

दत्तात्रय सर उपस्थित नव्हते.

त्यांना सगळे दत्ता सर म्हणतात. रेणापूरच्या एका संस्थेच्या शाळेत मराठी शिकवतात, समितीत पहिल्यापासून आहेत. समितीच्या प्रत्येक निवेदनात त्यांचं नाव असे, म्हणून बालाजीच्या हातानं ते लिहिलं. फोनवर तो म्हणाला, "हात लिहून गेला, साहेब. ताईच्या नावामागं सरांचं नाव, असंच बसलंय डोक्यात." खरं तर संस्थेच्या सचिवांनी दत्ता सरांना आदल्या संध्याकाळीच बोलावून सांगितलं होतं, की तिकडं जाऊ नका. शाळेला सुट्टी असली तरी नोकरीला सुट्टी नसते, हे सचिवांचे शब्द. म्हणून सर त्या दिवशी घरीच होते. दिवसभर पंख्याखाली बसून त्यांनी सहामाहीचे जुने पेपर उगाच पुन्हा चाळले, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

बातमी छापून आली त्या दिवशी दुपारी सर लातूरला आमच्या कार्यालयात आले. हातात प्लास्टिकची पारदर्शक पिशवी, पिशवीत एक कागद. कूलरसमोर बसायला सांगितलं तर ते बाजूच्या खुर्चीवर बसले. संस्थेकडून फोन आला होता. ठाण्यातूनही बोलावणं आलं होतं. त्यांना खुलासा छापून हवा होता. अक्षर शिक्षकाचं, समासासकट. सदर निवेदनाशी माझा कोणताही संबंध नाही, मी त्या वेळी उपस्थित नव्हतो, माझे नाव अनवधानाने छापले गेले आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती: संबंधित तरुणाच्या देशविघातक कृत्याचा मी निषेध करतो. किरण त्यांचा विद्यार्थी. त्याला त्यांनी पाचवीपासून शिकवलेलं.

कागद माझ्याकडे दिल्यावर त्यांनी तो परत मागितला. खिशातून पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. एकदा खोडली, मग अक्षर दिसू नये म्हणून पुन्हा पुन्हा खोडली. "ही सचिवांनी सांगितलेली," एवढंच म्हणाले. मग खुलासा उद्याच येईल ना, असं विचारलं. येईल, असं सांगितलं. पाणी दिलं ते त्यांनी प्यायलं नाही.

खुलासा छापण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारायचं, ही टेबलाची रीत. कुसुमताईंना फोन केला. त्यांनी खुलासा पूर्ण ऐकून घेतला. मग त्या म्हणाल्या, "छापा. तो नव्हता, हे खरंच आहे. खरं छापायला माझी परवानगी कशाला?" नंतर म्हणाल्या, "त्याला दोन लेकरं आहेत. त्याच्यावर चिडू नका तुम्ही कुणी." आणि मग, फोन ठेवता ठेवता, त्याच सकाळची एक गोष्ट सांगितली. बालाजीनं अनुसयाबाईला अंक वाचून दाखवला होता. सगळी नावं ऐकून ती म्हणाली होती, "सर बी आले व्हते व्हय? मला दिसले न्हाईत. सर हायत तर मग सुटंल पोरगं."

खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तो तिला कुणी वाचून दाखवला नाही.

वैशाखातले दिवस लांब असतात, आणि त्या वर्षी ते जास्तच लांब वाटले. लग्नाचे बँड देशभक्तीची गाणी वाजवत होते. मध्येच एखादं लग्नाचं गाणं लागे आणि वरातीतली माणसं क्षणभर गोंधळत. टीव्हीवरचे नकाशे बदलत होते. टेबलावर शब्द बदलत होते. पकडलेल्या माणसाला संशयित म्हणायचं की नुसतं नाव घ्यायचं, यावर कधी नव्हे ती चर्चा होई. कुसुमताई रोज कुठल्या तरी कचेरीत जात. लातूर, नांदेड, पुन्हा लातूर. एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या झळांनी त्यांच्या नाकातून रक्त आलं, तर ओला रुमाल डोक्यावर ठेवून त्या तशाच पुढे गेल्या. समितीत वेगवेगळी मतं पडली. युद्ध संपेपर्यंत गप्प बसावं, मग बोलावं, असं कंडक्टर म्हणत होता. ताईंनी त्याला विचारलं, की तू गाडीत असताना मधल्या थांब्यावर उतरणाऱ्याला शेवटच्या थांब्यावर तिकीट द्यायचास का? पुढच्या वेळी तो आला.

किरण सापडला. नांदेडच्या तुरुंगात होता. वकील मिळेना, म्हणून ताईंनीच काम घेतलं. उन्हाळी सुट्टीमुळे एकच न्यायालय चालू होतं. तिथं सुनावणी झाली आणि जामीन मंजूर झाला. अट अशी, की स्वतःच्या नावावर जमीन असलेला एक जामीनदार हवा. सातबारा घेऊन यायचा, न्यायालयासमोर उभं राहायचं, आणि हे पोरगं प्रत्येक तारखेला हजर होईल याची हमी द्यायची.

खरी अडचण इथून पुढे. दार उघडलं होतं आणि ते धरून ठेवायला माणूस नव्हता.

अनुसयाबाईच्या नावावर जमीन नाही. किरणच्या चुलत्याच्या नावावर आहे, पण त्याचा पोरगा पहाटे रस्त्यावर पळणाऱ्यांपैकी. पोराची पोलीस पडताळणी होईल तेव्हा काय सांगायचं, असं चुलता म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. कंडक्टरचं घर बायकोच्या नावावर. शिंपी भाड्याच्या खोलीत. वकिलाला स्वतःच्या अशिलाला जामीन राहता येत नाही, त्यामुळे ताईंची जमीन असून उपयोग नव्हता. त्यांनी फोन केले. ज्यांच्या भावासाठी, जावयासाठी त्या एकेकाळी ठाण्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, त्यांनाही केले. कुणी नाही म्हटलं नाही. कुणाच्या घरी कार्य होतं, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चढायचं राहिलं होतं, कुणी फोन उचलून "आवाज येत नाही" म्हणत होतं. सुटका मंजूर झालेलं पोरगं आत होतं, आणि दर दिवशी त्याची आई रानातून येऊन विचारत होती, आज का, उद्या?

त्या आठवड्यात मी नांदेडला गेलो. आमच्या तिथल्या प्रतिनिधीकडे सैनिकांच्या सन्मानफेरीची बातमी होती, म्हणून न्यायालयाची बातमी माझ्याकडे आली. बातमी काय असणार, हे माहीत होतं: जामीनदाराअभावी तरुण अद्याप तुरुंगात. मथळा बसमध्येच जुळवून ठेवला होता.

न्यायालयाच्या आवारात कडुलिंबाखाली ताई, कंडक्टर आणि अनुसयाबाई बसले होते. बालाजीही आला होता. त्या खुलाशानंतर तो निवेदनाला, तारखेला, सगळीकडे स्वतः जायला लागला होता आणि नाव लिहिण्याआधी माणसाकडे बोट करून मोजायचा. गोदावरीकडून वारा येत होता, तोही गरम. अनुसयाबाईनं फडक्यात भाकरी बांधून आणली होती आणि ती सगळ्यांना देत होती. कुणाला भूक नव्हती, सगळ्यांनी तुकडा तुकडा घेतला.

फाटकातून एक माणूस आला. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर नवा टॉवेल, कपाळाला गंध. लग्नाला निघालेला माणूस वाट चुकून न्यायालयात आला असावा, असं वाटलं. जवळ आल्यावर ओळखू आलं. दत्ता सर. हातात तीच पारदर्शक पिशवी. आत सातबारा.

ताई उठल्या. मग म्हणाल्या, "सर, घरी काय सांगितलंत?"

"लोह्याला लग्न आहे म्हणालो."

"आणि संस्थेला?"

"सुट्टी आहे."

ताईंनी पिशवी घेतली नाही. त्यांनी सरांना बाजूला नेलं आणि वकिलानं सांगावं तसं सगळं सांगितलं. इथं नाव लिहिलं की ते राहतं. वडिलांचं नाव, गट नंबर, फोटो. संस्थेनं मागितलं तर मिळेल. ठाण्याला तर मिळणारच. पोरगं तारखेला आलं नाही तर जमिनीवर येईल. आणि खटला वर्षानुवर्षं चालेल. सर ऐकत होते. ऐकताना टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. शेवटी म्हणाले, "ताई, हे सगळं मी गाडीत स्वतःला सांगून झालंय. आता आत चला. नाहीतर मी परत जाईन."

तेवढ्यात अनुसयाबाई पुढे आली. ती अजिबात चकित झालेली नव्हती. तिनं पदर सारखा केला, सरांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "तुमी येनार हे ठावं व्हतं, सर. तवा बी तहसीलला तुमीच आलता. मला वाचून दावलं ना बालाजीनं."

बालाजी झाडाच्या बुंध्याकडे बघू लागला. कंडक्टरनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. नव्हतो, असंही सर म्हणाले नाहीत आणि होतो, असंही नाही. त्यांनी तिला उठवलं आणि ताईंच्या मागोमाग आत गेले.

आत विचारलं गेलं, की आरोपीशी तुमचं नातं काय. सर म्हणाले, "विद्यार्थी आहे माझा." कशावरून तो तारखेला येईल म्हणता, असंही विचारलं. "शाळेत कधी गैरहजर नव्हता," म्हणाले. आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा, सपाट. कागदावर सही केली. सहीसुद्धा समास सोडून.

बाहेर आल्यावर ते माझ्याकडे आले. बातमी येणार का, असं विचारलं. येणार, म्हणालो. त्यांनी मान हलवली. पिशवी रिकामी झाली होती, तिची घडी घालत होते. प्लास्टिक पुन्हा पुन्हा उलगडत होतं. "ती घालाच," ते म्हणाले. "पोरगं सुटलं, हे लोकांना कळू द्या. मागं मी नव्हतो असं तुम्ही छापलंत, ते बरोबर होतं. आता मी होतो हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं पुरे. नाव नको." मग लोह्याची गाडी किती वाजता आहे, असं त्यांनी कंडक्टरला विचारलं. खरंच लग्न होतं. अहेर करून, पंगतीला बसून, कुणाच्या तरी फोटोत दिसून त्यांना घरी जायचं होतं.

संध्याकाळी उन्हं उतरताना किरण तुरुंगाच्या दारातून बाहेर आला. बारीक झाला होता. आईनं त्याला आधी पाणी दिलं, मग त्याच्या हातातली पिशवी घेतली, मग रडली. ताई थोड्या दूर उभ्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांना प्रथमच कुठंही जायचं नव्हतं आणि काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी फोन काढला आणि दुसऱ्या एका गावातल्या, दुसऱ्या एका पोराच्या बापाला लावला.

खटला अजून चालू आहे. किरण तारखेला येतो. बोलण्यावर अटी आहेत, त्यामुळे तो फारसं बोलत नाही. शेतीच्या औषधांच्या दुकानात काम करतो आणि त्याच्या फोनवर स्टेटसच्या जागी काही नसतं. चुलत भाऊ भरती झाला. अनुसयाबाई याही वैशाखात धसकटं वेचते आहे. कुसुमताई भोंग्याची चाचणी झाली त्याच दिवशी तहसीलला निवेदन घेऊन गेल्या होत्या. चाचणीच्या निमित्तानं कुणी काही लिहिलं तर पुन्हा कुणाला उचलू नये, एवढीच मागणी. या वेळी नऊ जण होते. बालाजीनं मोजून कळवलं. मी पुन्हा विचारलं, सगळे स्वतः होते ना? "हाव साहेब," तो म्हणाला, "एकेकाला हात लावून पाह्यलंय."

इथली सगळी नावं बदललेली आहेत, सरांचं तर नक्कीच. न्यायालयाच्या कागदात त्यांचं खरं नाव आहे. ज्याला शोधायचं असेल त्याला सापडेल, कदाचित सापडलंही असेल. दर जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बालाजी कुठलं तरी निमित्त काढून त्या बाजूनं जातो आणि मराठीचा तास चालू आहे का ते ऐकून येतो. आजवर चालू होता.

नांदेडची ती बातमी आमच्या जुन्या अंकात आहे. आठ ओळी. युद्धविरोधी मजकुराच्या प्रकरणातील तरुणाची जामिनावर सुटका. शेवटचं वाक्य बालाजीनं लिहून दिलं होतं आणि टेबलावर ते माझ्यासमोर आलं: "यावेळी कुसुमताई, निवृत्त कंडक्टर, तरुणाची आई आदी उपस्थित होते." त्यातला "आदी" काढायला पेन टेकवलं होतं. मग तो तसाच ठेवला.